सत्तावीस नंबरची डावी बाजू

महाल, नागपूर
८ जानेवारी १९७९

शालिकराम भोयर मिस्त्री यांस,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. दोन वर्षांत तू माझी विचारली नाहीस, मग मीच काहून विचारू? हे कामाचं पत्र आहे, कामापुरतंच वाच.

तुझं इंजिन माझ्या घरी आलं आहे. म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधलं, तू पितळेचं केलेलं ते छोट्या लाईनचं सत्तावीस नंबर. परवा रेल्वेचे दोन खलाशी खोक्यात घालून ओसरीवर ठेवून गेले. सोबत नव्या साहेबांची चिठ्ठी. खरं सत्तावीस नंबर येत्या मार्चअखेर मोडीत निघणार आहे, म्हणून एप्रिलमधल्या रेल्वे सप्ताहात त्याचं मॉडेल मांडायचं ठरलं आहे. बाहेरगावचे अधिकारी पाहायला येणार. साहेबांना कोणीतरी सांगितलं, मॉडेल सुंदर आहे पण मापात चुकलं आहे, आणि चुका कुठं आहेत ते देवपुजारी ड्राफ्ट्समनला माहीत आहे. आता साहेब म्हणतात, 'तुम्हीच दुरुस्त करून द्या.'

मी! ज्यानं चाळीस वर्षं पेन्सिलीपेक्षा जड हत्यार उचललं नाही, त्यानं तुझं पितळ कापायचं!

ठरलं काय होतं? फुटाला एक इंच. यात समजायला कठीण काय आहे, सांग. खरं चाक तीन फुटांचं, तर मॉडेलचं तीन इंचांचं. तू केलंस पावणेतीनच्या वर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच. आठही चाकं एक-एक सूत लहान! एखादं चुकलं असतं तर म्हटलं असतं हात हलला. धुराडं पाव इंच बुटकं. म्हणजे खऱ्या इंजिनात तीन इंच गायब. आणि डाव्या बाजूला, ड्रायव्हर-फायरमन चढतात तिथं, जी धरायची दांडी आहे ती ड्रॉइंगपेक्षा सव्वा इंच लांब, आणि तिच्याखाली एक जादा पायरी. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. ही पायरी कुठल्या ड्रॉइंगात पाहिलीस तू? त्या जातीच्या इंजिनांचं ड्रॉइंग माझ्या हाताखाली होतं, त्यावरची रेघ न् रेघ मला पाठ आहे.

हेच मी दोन वर्षांपूर्वी तुझ्या निरोपसमारंभात बोललो. मान्य, शंभर माणसांसमोर खिशातली पट्टी काढून मोजायला नको होतं. तुझी यमुताई माझी बायको असून तिनं त्यावरून मला आठ दिवस ऐकवलं. पण तू इतका काय रुसलास? मॉडेल टेबलावर तसंच ठेवून हार काढलास आणि निघून गेलास. आठवड्यात क्वार्टर खाली करून भिवापूरला. सव्वीस वर्षांची ओळख, आणि निघताना आमच्या दारावरून गेलास तरी आत आला नाहीस.

असो. मला इतकंच हवं आहे: ही मापं तू कुठून घेतलीस ते कळव. शक्य झालं तर चार दिवस येऊन तूच दुरुस्त कर. राहायला जागा आहे. उलट टपाली उत्तर दे.

मार्तंड देवपुजारी


महाल, नागपूर
२७ जानेवारी १९७९

शालिकराम,

उलट टपाली म्हटलं होतं. एकोणीस दिवस झाले. भिवापूर काही विलायतेत नाही. सकाळी आपल्याच छोट्या लाईनच्या गाडीत पत्र टाकलं तर दुपारी तुझ्या गावात पोचतं.

तेव्हा मी आपलं आपणच काम सुरू केलं आहे. हसू नको.

पहिल्या दिवशी धुराडं काढायला गेलो. तू त्याला असा काही डाख दिला आहेस की तापवून तापवून माझा स्टोव्ह थकला, पण ते हलेना. हलल्यावर एकदम निघालं आणि माझ्या डाव्या हाताचं बोट पोळलं. यमुताई कोरफड घेऊन आली.

"ज्यानं केलं त्याला बोलवा ना," म्हणाली.

"बोलावलं. येत नाही."

"पत्रात काय लिहिलं?"

मी तिला कच्चा खर्डा दाखवला. वाचून तिनं चष्मा काढला. "हे बोलावणं आहे होय? मला वाटलं मेमो आहे."

आता बाईमाणसाला मापाचं महत्त्व कसं सांगावं! मी म्हटलं, चुकीला चूक म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? ती म्हणाली, "चूक म्हणा, पण आधी शालिकराम म्हणा." आणि तुझ्या हातच्या सांडशीचं, पाळण्याच्या कड्यांचं, मोरीच्या नळाचं असं सगळं पुराण काढलं. घरात अर्धं लोखंड तुझंच आहे, ही गोष्ट मी कधी नाकारली नाही.

धुराड्याला खालून पाव इंचाची पितळी चकती जोडली. चांगली दिसत नाही, पण माप बरोबर आहे. चाकांचं काय करायचं ते समजत नाही. इतवारीतल्या एका लेथवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, 'बाबूजी, जिसने बनाया है उसीसे कराओ, मैं हाथ नहीं लगाऊँगा.' जो तो तेच.

ती जादा पायरी आणि दांडीचा जादा तुकडा मात्र सोमवारी काढून टाकला. करवतीनं कापला आणि कानशीनं घासून साफ केलं. ते एवढं एक काम सोपं गेलं. आता डावी बाजू ड्रॉइंगशी जुळते.

कळावे. निदान एक कार्ड टाक.

मार्तंड


महाल, नागपूर
११ फेब्रुवारी १९७९

शालिकराम,

तुझं कार्ड मिळालं. पंधरा पैशांच्या कार्डावर तू चार ओळी लिहिल्यास. उरलेली जागा कोणासाठी सोडलीस? यमुताईनं मोठ्यानं वाचलं, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते:

"नमस्कार. मिरचीचा तोडा चालू आहे, येनं होनार नाही. सत्तावीस नंबर शेडात उभी आहे. जाऊन मोजा. शालिकराम."

जाऊन मोजा! ज्या माणसानं त्या इंजिनाचं ड्रॉइंग ट्रेसिंग कापडावर तीनदा उतरवलं, त्याला म्हणतोस जाऊन मोजा!

तरी गेलो. काल सकाळी टेप घेतला, यमुताईनं डोक्याला उपरणं बांधून दिलं, आणि सायकलरिक्षानं शेडवर गेलो. चार वर्षांनी पाय ठेवला तिथं. सत्तावीस नंबर मागच्या रुळावर एकटं उभं आहे, रंग उडालेला, नंबराची पितळी पाटीसुद्धा कोणीतरी काढून नेलेली. मी वाकलो, चाकाला टेप लावला.

दोन फूट साडेदहा इंच.

दुसरं मोजलं. तेवढंच. आठही. तू जिंकलास, घे. चाक नवं असताना तीन फुटांचं असतं. रुळावर झिजतं, मग लेथवर घासून सारखं करतात, पुन्हा झिजतं. तीस वर्षांत दीड इंच गेलं. दीड इंच म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर एक सूत. तू झिजलेलं चाक झिजलेलं केलंस. धुराड्याचंही तसंच: वरचा सडलेला काठ कापून नवी कडी बसवलेली आहे, तीन इंच कमी.

पण मी भांडणार आहे. मॉडेल कशाचं करायचं असतं? इंजिनाचं की त्याच्या म्हातारपणाचं? ड्रॉइंग म्हणजे इंजिन कसं असायला हवं ते. उद्या माझं चित्र कोणी काढलं तर पडलेले दात काढील काय? (यमुताई म्हणते, काढायला हवेत.) तुला झिजलेलं करायचं होतं तर पाटीवर तसं लिहायचं होतंस. मला आधी सांगायचं होतंस. समारंभात मी पट्टी काढली तेव्हा एक शब्द बोलला असतास, 'मार्तंडराव, चाक झिजलं आहे,' तर मी तिथंच गप्प बसलो असतो. पण नाही! तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलास.

डाव्या बाजूचंही मोजलं.

त्याबद्दल आज लिहीत नाही. बोट अजून दुखतं आहे.

मार्तंड


महाल, नागपूर
१३ फेब्रुवारी १९७९

शालिकराम,

बोट दुखत नाही. परवा खोटं लिहिलं.

डाव्या बाजूला ती दांडी आहे. खालपर्यंत, पंधरा इंच जास्त. खाली जादा पायरी, दोन रिबिटांवर. बाकीच्या रिबिटा कारखान्याच्या गोल डोक्याच्या, या दोन चपट्या. तुझ्या हातच्या. मी तिथं टेप धरून उभा होतो आणि मला काही म्हणता काही आठवेना. वाटलं, ही कधी लागली? कोणाच्या हुकमानं?

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय पाहून राहिले बाबूजी?"

तुझ्या धाकट्या भावाची, बाबारावची बायको, देवकी. शेडच्या कँटीनमध्ये चहा करते, तुला माहीतच आहे. केस पिकले तिचे. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं.

मी विचारलं, "ही दांडी कोणी लावली गं बाई?"

"मिस्त्रीनं, आमच्या भासऱ्यानं. आमचे हे गेल्यावर. तुमाले मालूम नाही काय? तुमीच त कागदावर घेतली मने."

"कोण म्हणे?"

"भासरेच मनत. मार्तंडरावनं कागद वर पाठवला, आता साऱ्याच इंजिनाले अशी दांडी लागन, देवकी. कोनाचा पोट्टा आता घसरनार नाही." मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाली, "बाकीच्याले लागली काय जी? मी काही इंजिनाकडे जात नाही. हिच्याजवळ तेवढी येतो कधी कधी."

मी बाकीची पाहिली. सव्वीस, एकोणतीस, एकतीस, चौतीस. चारही अजून चालू आहेत. एकालाही नाही. दांडी ड्रॉइंगप्रमाणे वरच संपते, जमिनीवरच्या माणसाचा हात पोचत नाही. आधी ओल्या पत्र्यावर पाय द्यायचा, मग वर हात मारायचा.

चहा न घेता घरी आलो.

शालिकराम, आता जे लिहितो ते मी यमुताईलाही सांगितलेलं नव्हतं. आज सकाळी सांगितलं, मग हे लिहायला बसलो.

ऑगस्ट एकोणसाठ. उमरेडच्या पुढं सत्तावीस नंबर पाणी घेऊन निघालं, फायरमन बाबाराव चालत्या इंजिनावर चढायला गेला, पाय घसरला. दोन दिवस दवाखान्यात होता. चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं गेलं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलास. तोवर दांडी आणि पायरी तू सत्तावीस नंबरला लावून टाकली होतीस, कोणाला न विचारता. म्हणालास, "एकाले लावली, आता ड्रॉइंगात घ्या, म्हंजे साऱ्याले लावा लागन." मी म्हटलं, नोट लिहून वर पाठवावी लागेल. तू म्हणालास, "मंग पाठवा."

मी नोट लिहिली. खरंच लिहिली, दीड पान, आकृतीसकट. आणि तिच्याकडे पाहत बसलो. त्या नोटेचा अर्थ असा होत होता की दोष बाबारावचा नव्हता, दांडीचा होता. म्हणजे चौकशी खोटी. चौकशीवर ज्या साहेबाची सही, त्याच साहेबाकडे माझ्या हेड ड्राफ्ट्समनच्या जागेचा कागद होता. मी नोट खणात ठेवली. म्हटलं, जागा मिळाली की पाठवू. साठ साली जागा मिळाली. मग म्हटलं, आता इतक्या उशिरा कशी पाठवायची, तारखेचं काय सांगायचं? तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "पाठवली आहे, वर पडून आहे." तू पुन्हा विचारलं नाहीस. टेबल बदललं तेव्हा जुने कागद फाडले, त्यात ती गेली.

सहासष्ट साली एकतीस नंबरवर एक फायरमन तसाच घसरला. पाय राहिला, पण गुडघा गेला, नोकरीही गेली. त्या चौकशीचा नकाशा मीच काढला होता. नकाशावर त्याची जागा दाखवायला मी एक फुली मारली आणि घरी जेवायला आलो.

आणि हे सगळं मी विसरलो. हेच मला समजत नाही. माणूस खोटं बोलतो, लपवतो, ते समजतं; पण विसरतो? इतकं विसरलो की शंभर माणसांसमोर तुझ्या बाबारावच्या दांडीला पट्टी लावली आणि म्हणालो, "हा फिटरचा फाजीलपणा. हे कोणत्याच ड्रॉइंगात नाही." लोक हसले. तू हार काढलास.

आणि गेल्या महिन्यात ती मी कापून टाकली. वर तुला कळवलं की काम सोपं गेलं.

आता मी तुझ्यावरही चिडलो आहे, ते लिहून टाकतो. तू विचारलं काहून नाहीस? वीस वर्षं! माझी गचांडी धरायची होती. ऑफिसात येऊन ओरडायचं होतं. रोज दुपारी माझ्यासोबत डबा खात होतास आणि एकदाही नाही?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मार्तंड


भिवापूर
२ मार्च १९७९

मार्तंडराव यांस शालिकरामचा नमस्कार.

पत्र भेटलं. मिरचीचा तोडा सरला, आता वाळवन चालू आहे, हात लाल होऊन राहिले, म्हनून अक्षर असं येऊन राहिलं. समजून घ्या.

तुमी विचारलं, मी काहून विचारलं नाही. तर सांगतो. तुमची नोट वर गेलीच नाही हे मले तवाच मालूम होतं. टपालातला बाबू आमच्या गावाकडचा होता. त्याले मी दर आठ दिवसानं विचारो. महिन्यानं तो मने, मिस्त्री, तुमच्या साहेबाच्या टेबलावरून अशी नोट निघालीच नाही. मी मनलं, ठीक आहे.

तुमी हेड झाले त्या दिवशी आमच्या क्वार्टरवर पेढे घेऊन आले होते. मी पेढा खाल्ला. देवकी घरातच होती, तिलेही देला. तवाही मले मालूम होतं.

तुमी मनसान मंग गप काहून राहिला. बाबारावच्या मयताले तुमी पावसात खांदा देला होता. बामनाचा मानूस, कोनी बोलावलं नव्हतं, आपल्या मनानं आले आन घाटावर शेवटपर्यंत थांबले. मी मनलं हा मानूस वाईट नाही, भेकड आहे. भेकड मानसाले वेळ लागते. एक दिवस स्वतःहून सांगन. मनून मी थांबलो. देवकीले खोटंच सांगतलं का कागद गेला, तिले झोप यावं मनून. तुमच्या खोट्याले मी माझं खोटं जोडलं. सहासष्टमदी तो पोट्टा पडला तवा मले दोन दिवस जेवन गेलं नाही. त्यात माझंही पाप आहे. मी वराडलो असतो त तो पडला नसता.

मॉडेलमदी दांडी मुद्दाम केली. वाटलं, पाहून तुमाले आठवन. रिटायर झाले, आता कोनाले भेता? पाहून बोलसान. तुमी बोलले, पन काय बोलले! तुमाले आठवतच नाही, हे मी कधी धरलंच नव्हतं. मी समजत होतो का तुमाले रोज टोचत असन. वीस वर्षं मी थांबलो आन तुमी विसरून गेले. त्याचा राग आला. दांडीले हासले त्याचा नाही.

मॉडेलचं मले सांगू नका. पितळ आहे ते, कापलं त कापलं. चार इंजिनं चालू आहेत, त्याच्यावर पोट्टे अजून चढून राहिले. आमच्या ठेसनात एकतीस नंबर रोज येते. फायरमन बावीस वर्षांचा आहे. पानी घेऊन निघते तवा मी तिकडं पाहात नाही. ते करा आधी. मंग मले पत्र लिहा. नाहीतर लिहू नका.

शालिकराम


महाल, नागपूर
२५ मार्च १९७९

शालिकराम,

केलं. आता सगळं ऐक; तीन आठवडे मी या लोकांपुढं डोकं फोडत होतो.

नोट पुन्हा लिहिली. या वेळी अडीच पानं, कारण पहिली नोट कोणी दाबली तेही लिहिलं, नावासकट. यमुताईनं वाचली. म्हणाली, "पेन्शनीला काही होईल का?" मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "बरं. सदरा इस्त्रीचा घाला."

नव्या साहेबाचं वय छत्तीस. त्यानं वाचली आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल? "देवपुजारीजी, मॉडेल कितपत आलं?" मी म्हटलं, मॉडेल राहू द्या. तो म्हणाला, "ही इंजिनं दोन-तीन वर्षांची सोबती. डिझेल येणार. जुनं उकरून कोणाचं भलं होणार?" मी म्हटलं, दोन वर्षांत त्या चार इंजिनांवर एक फायरमन किती वेळा चढतो, हिशेब करून देऊ? तो म्हणाला, फोरमनशी बोला. फोरमन म्हणाला, ड्रॉइंगमध्ये नाही, मी हात लावणार नाही. ड्रॉइंग ऑफिसात गेलो, तर माझ्याच हाताखाली शिकलेला एक शहाणा म्हणतो, "सर, हुकमाशिवाय ड्रॉइंग बदलता येत नाही, तुम्हीच शिकवलंत." माझंच वाक्य! त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत. थोबाडीत मारल्यासारखं झालं, आणि चिडायचं तरी कोणावर?

सात वेळा गेलो. आठव्या वेळी साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर सकाळी दहाला बसलो आणि शिपायाला सांगितलं, सही झाल्याशिवाय उठणार नाही. दोन वाजता देवकी कँटीनमधून चहा घेऊन आली. तिला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. तुला तेव्हाच माहीत होतं हे सांगितलं नाही, फक्त माझं खोटं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि भांडी घासायला लागली होती. मला वाटलं, संपलं. आणि आता चहा. कप माझ्या हातात दिला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाशी स्वतःही बसली. म्हणाली, "मीही बसतो. पाहू साहेब कोनत्या दारानं जाते."

साडेतीनला साहेबानं दोघांना आत बोलावलं. तिला पाहून त्यानं विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "एकोणसाठ सालच्या चौकशीत जो निष्काळजी ठरला, त्याची बायको." त्यानं नोट पुन्हा काढली. या वेळी बसून, सावकाश, शेवटपर्यंत वाचली. मग पेन काढलं.

ड्रॉइंग मीच दुरुस्त केलं. रेघ सरळ आली. खालच्या रकान्यात 'आराखडा' पुढं तुझं नाव घातलं: शा. भोयर, फिटर, १९५९. तो शहाणा म्हणाला, सर, इथं फिटरचं नाव येत नाही. मी म्हटलं, मग 'तपासणी' पुढचं माझं पण खोड, कोरंच ठेव. दोन्ही राहिली.

सव्वीस आणि चौतीसला दांड्या लागल्या. एकोणतीसला बुधवारी. तुझ्या ठेसनातल्या एकतीसला गुरुवारी. शुक्रवारपासून तिकडं पाहायला हरकत नाही.

चौकशीचा निकाल बदलेल का ते माहीत नाही. अर्ज केला आहे, देवकीच्या अंगठ्यासकट. बदलणार नाही असं साहेब म्हणाला. मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे.

पितळी दांडी पुन्हा जोडायला घेतली होती. जमत नाही. रेल्वे सप्ताहात मॉडेल तसंच, तुटक्या डाव्या बाजूनं मांडा, असं मी साहेबाला सांगितलं. तो म्हणाला, पाहुण्यांना काय सांगू? मी म्हटलं, मला उभं करा, मी सांगतो.

मार्तंड


महाल, नागपूर
१७ एप्रिल १९७९

शालिकराम,

रेल्वे सप्ताह काल संपला. सात दिवस मी त्या टेबलामागं उभा होतो. उन्हानं हॉल भट्टी झाला होता, पंखा एकच, तोही पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. जो येई तो विचारी, ही बाजू कशी तुटली? मी सांगे, मी कापली. का कापली? मग सगळं सांगे. पहिल्या दिवशी अडखळत सांगितलं. सातव्या दिवशी साहेबच लोकांना घेऊन येऊन म्हणू लागला, 'यह किस्सा इनसे सुनिए.' त्याचीही मला चीड आली. किस्सा म्हणे!

शेवटल्या दिवशी एक लंगडा माणूस आला. काठी टेकत. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "एकतीस नंबर. सहासष्ट. मीच तो." मी खुर्ची दिली, बसला नाही. मी म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणा. त्यानं मॉडेलच्या तुटक्या बाजूवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "तेरा वर्षं मी बायकोले सांगून राहिलो का माझीच चूक होती. आता तुमी घरी या आन तिले सांगा." पत्ता लिहून दिला, पाचपावलीचा. आज सकाळी जाऊन आलो. काय बोललो ते लिहीत नाही. त्याची बायको रडली नाही, भांडलीही नाही. तिनं नवऱ्याला आधी आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर ओट्यावर अर्धा तास बसून होतो. मग दोघं बाहेर आले आणि म्हणाले, जेवून जा.

शालिकराम, सव्वीस वर्षांत तू माझ्या घरी शेकडो वेळा जेवलास. मी तुझ्या भिवापूरला एकदाही आलो नाही. बाबारावच्या दहाव्यालाही नाही. ऑफिस होतं म्हणून. तुझं घर कुठल्या आळीत आहे ते मला माहीत नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तू बोलावलेलं नाहीस, तरी येतो. स्टेशनात विचारीत येईन.

यमुताईला सोबत आणत नाही. आधी मला एकट्याला काय ते ऐकव, मग तिला आणीन.

तुझा
मार्तंड


भिवापूर
१९ एप्रिल १९७९

मार्तंडराव,

घर विचारत येऊ नका. ऊन लई आहे, आन लोक तुमाले तिसऱ्याच शालिकरामकडे पाठवतीन, गावात चार आहेत. मी ठेसनावर उभा राहीन.

यमुताईलेही आना. देवकीलेही सांगा. ऐकवाचं काही राहिलं नाही, आता जेवाचंच राहिलं.

शालिकराम